‘म्हणतात’ : राजवाड्यांच्या वाटेवरील एक स्थानपोथी

महानुभाव पंथाच्या ग्रंथसंपदेत ‘स्थानपोथी’ या नावाने ओळखला जाणारा चौदाव्या शतकातील एक ग्रंथ आहे. श्रीचक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, बसले, निजले, जेवले, त्या स्थानांची ती नोंद होय. गावाच्या कोणत्या अंगाला देऊळ आहे, त्याचे दार कोणत्या दिशेला आहे, दारापासून स्थान कोणत्या बाजूला पडते आणि तेथे कोणती लीळा घडली, एवढेच ती सांगते. तीत वर्णनाचा सोस नाही की भावनेचा उमाळा नाही. वाचणारा हा चालणारा आहे हे गृहीत धरूनच ती लिहिली गेली आहे. मराठी गद्याच्या आरंभकाळातील हा ग्रंथ सामान्यतः भाषेच्या आणि भूगोलाच्या अभ्यासकांसाठी राखून ठेवला जातो. कथनाचा विचार करणाऱ्याचा हात त्याच्याकडे क्वचितच जातो.

सातारच्या एका महाविद्यालयात तीस वर्षे मराठीचे अध्यापन करून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना हा ग्रंथ आठवला तो मात्र लंडनमध्ये. २०२४ च्या सप्टेंबरात ते मुलीकडे गेले होते. एका शनिवारी तिने राजघराण्याची स्थळे पायी हिंडून दाखविणाऱ्या सहलीची दोन तिकिटे काढली. “बाबा, अडीच तास चालायचं आहे, तुमचे गुडघे झेपतील ना?” असे तिने विचारले तेव्हा, आपण अजिंक्यताऱ्यावर किती वर्षे मुले नेली याचा हिशेब त्यांनी तिला ऐकविला. ग्रीन पार्क स्थानकाबाहेर वीस-बावीस माणसे जमली होती. वाट दाखविणाऱ्या बाई पन्नाशीच्या पुढच्या होत्या. मिटलेली छत्री त्यांनी काठीसारखी वर धरली होती आणि त्या छत्रीमागून सगळा घोळका चालू लागला.

पहिले स्थान अर्थातच बकिंगहॅम राजवाड्याचे. बाईंनी घोळक्याला व्हिक्टोरिया राणीच्या स्मारकापाशी उभे केले आणि राजवाड्याकडे पाठ करून बोलावयास आरंभ केला. १७०३ मध्ये बकिंगहॅमच्या ड्यूकसाठी बांधलेले हे घर. १७६१ मध्ये तिसऱ्या जॉर्जने ते विकत घेतले. चौथ्या जॉर्जच्या काळात जॉन नॅशने त्याचा राजवाडा केला. पण त्यात वास्तव्यास येणारी पहिली सम्राज्ञी म्हणजे व्हिक्टोरिया, १८३७ मध्ये. आणि ज्याला जग हा राजवाडा म्हणून ओळखते ते दर्शनी अंग तर १९१३ चे. जुन्या भिंतीवर पोर्टलंडचा दगड चढवून ॲस्टन वेबने ते घडविले. म्हणजे अनादी वाटणाऱ्या या दृश्याचे वय सव्वाशे वर्षेही नाही. बाईंनी हे हसत सांगितले, घोळकाही हसला आणि लगेच सर्वांनी त्या दर्शनी अंगाची छायाचित्रे काढली. चिन्हाचा कृत्रिमपणा उघड करून दाखविल्याने चिन्हाची सत्ता कमी होत नाही, ही गोष्ट वर्गात समजावून सांगताना अध्यापकांना पूर्वी बरेच सायास पडत. येथे ती दोन मिनिटांत सिद्ध झाली.

मिशेल द सर्तो या फ्रेंच विचारवंताने १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादिले आहे की, भाषाव्यवस्थेशी उक्तीचे जे नाते असते तेच शहराशी चालण्याचे असते. शहर ही नियोजकांनी, सत्ताधाऱ्यांनी रचलेली व्यवस्था. चालणारा तीमधून आपले वाक्य रचतो, काही गाळतो, काही दोनदा म्हणतो, आडवाटेने जातो. हा विचार नव्वदच्या दशकात आपल्याकडील चर्चासत्रांतून पुष्कळ फिरला. परंतु छत्रीमागून चालणाऱ्याचे काय? त्याचे वाक्य दुसऱ्या कोणी आधीच रचलेले असते. तो चालतो ते उच्चारण नसून पठण असते. या दृष्टीने पाहता द सर्तोच्या स्वच्छंद पादचाऱ्यापेक्षा हा प्रवासी स्थानपोथीच्या वाचकाला अधिक जवळचा आहे. फरक एवढाच, की महानुभावांनी स्थानावर ओटा बांधला आणि लंडनने भिंतीवर गोल फलक लावले. तेथील फलकांची प्रथा १८६६ पासूनची आहे. दोहोंचे म्हणणे एकच : येथे थांबा.

दुसरे स्थान सेंट जेम्सचा राजवाडा. कुष्ठरोग्यांच्या एका जुन्या रुग्णालयाच्या जागी आठव्या हेन्रीने तो सोळाव्या शतकाच्या चौथ्या दशकात बांधला. राजा बकिंगहॅममध्ये राहू लागून दीड शतकाहून अधिक काळ लोटला, तरी परदेशचे राजदूत आजही सेंट जेम्सच्या दरबाराकडेच पाठविले जातात. १० सप्टेंबर २०२२ रोजी तिसऱ्या चार्ल्सच्या राज्यारोहणाची द्वाही याच वाड्याच्या सज्जातून फिरली. बाईंनी छत्रीच्या टोकाने तो सज्जा दाखविला. मग आवाज किंचित खाली आणून त्या म्हणाल्या, की पहिल्या चार्ल्सने आपली शेवटची रात्र येथे काढली. ३० जानेवारी १६४९ च्या सकाळी त्याला येथून उद्यानातून चालवीत व्हाइटहॉलला नेले. आणि आता आपणही त्याच वाटेने जाणार आहोत.

सहलीचे रूप या एका वाक्याने पालटले. इतका वेळ सुट्या सुट्या असलेल्या स्थानांना कथानक लाभले आणि चालणाऱ्यांना भूमिका मिळाली. थंडी फार होती, म्हणून राजाने त्या दिवशी दोन सदरे मागून घेतले. आपण थंडीने कुडकुडलो तर लोकांना ते भय वाटेल, असे तो म्हणाला. ही हकीकत राजाच्या सेवेत असलेल्या टॉमस हर्बर्टने लिहून ठेवली आहे, पण जवळजवळ तीस वर्षांनंतर, हेही बाईंनी चालता चालता सांगितले. तळ्यावर पेलिकन पक्षी पंख पसरून बसले होते. मुलीने त्यांच्याकडे बोट दाखविले, पण अध्यापकांचे लक्ष तिकडे नव्हते. साक्षीचा आणि लेखनाचा काळ यांतील अंतर एका वाटाड्या बाईने स्वतःहून सांगावे, याचे त्यांना नवल वाटत होते. त्या नवलात थोडी अस्वस्थताही होती.

त्या अस्वस्थतेचे मूळ साताऱ्यात आहे. अध्यापक दर वर्षी पदवीच्या विद्यार्थ्यांना घेऊन गावातून एक फेरी काढीत असत. अजिंक्यतारा, राजवाडा आणि शेवटी गेंडामाळ असा तिचा क्रम असे. अभ्यासक्रमात बखर होती, आणि बखर वाचण्यापूर्वी मुलांनी जमीन पाहावी असा त्यांचा आग्रह असे. गेंडामाळावर ते प्रतापसिंह महाराजांचा वृत्तान्त सांगत. १८१८ मध्ये इंग्रजांनी पेशव्यांच्या ताब्यातून सोडवून ज्यांना साताऱ्याच्या गादीवर बसविले, त्याच छत्रपतींना १८३९ मध्ये त्यांनी पदच्युत करून काशीला पाठविले. कंपनीच्या शिपायांना फितविल्याचा आणि गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा त्यांच्यावर आरोप होता. महाराजांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि १८४० पासून १८५३ पर्यंत लंडनमध्ये झगडत राहिले. दरम्यान १८४७ मध्ये महाराज काशीलाच वारले. १८४८ मध्ये त्यांचे धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब निवर्तले आणि औरस वारस नाही या सबबीवर डलहौसीच्या कारकिर्दीत साताऱ्याचे राज्य खालसा झाले. रंगो बापूजी परतले. १८५७ च्या उठावात त्यांचा कट उघडकीस आला. ते निसटले आणि पुन्हा कोणाला सापडले नाहीत. त्यांचा मुलगा सीताराम मात्र सापडला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्यात ज्या सतरा जणांना देहान्त शासन झाले, त्यांत तोही होता.

येथवर सर्व साधार आहे. परंतु अध्यापकांची हकीकत येथे संपत नसे. ते क्षणभर थांबत, माळाच्या कडेकडे हात करीत आणि सांगत की, त्या दिवशी जमलेल्या गर्दीत बैराग्याच्या वेषात एक म्हातारा उभा होता. मुलाचा जीव जाताना त्याने पाहिला, तोंडातून शब्द काढला नाही आणि तो पाठ फिरवून चालू लागला. मुले स्तब्ध होत. एखादी मुलगी डोळे पुशी. परतीच्या वाटेवर कोणी बोलत नसे.

या म्हाताऱ्याला आधार नाही. कोणत्या कागदात तो नाही, कोणत्या बखरीत नाही. पहिल्यांदा तो कधी आला हे अध्यापकांना ठाऊक आहे : एका वर्षी मुले कंटाळली होती, ऊन चढले होते आणि हकीकत ‘पुन्हा कोणाला सापडले नाहीत’ या वाक्यावर कोरडीच संपत होती. त्या वर्षी त्यांनी ‘असेही म्हणतात’ अशी सुरुवात करून तो म्हातारा उभा केला. पुढच्या वर्षी ‘असेही’ गेले. त्याच्या पुढच्या वर्षी ‘म्हणतात’ गेले. २००७ मध्ये उठावाला दीडशे वर्षे झाली तेव्हा महाविद्यालयाने काढलेल्या स्मरणिकेत एका गुणी विद्यार्थिनीने या फेरीवर लेख लिहिला. त्यात तो म्हातारा भूतकाळी क्रियापदासह, कोणत्याही आधाराविना, घडलेली गोष्ट म्हणून आला. लेख छापण्यापूर्वी अध्यापकांनी तपासला होता. शुद्धलेखनाच्या सात चुका त्यांनी दुरुस्त केल्या आणि ते वाक्य तसेच राहू दिले.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ च्या जुलैत तीन वर्षांच्या बोलीने साताऱ्याच्या संग्रहालयात आली. विलायतेस निघण्यापूर्वी अध्यापक तीही पाहून आले होते. या वाघनखांसोबतच्या पेटीवर ती जेम्स ग्रँट डफला तो साताऱ्याला रेसिडेंट असताना मिळाली, अशा आशयाचा मजकूर आहे. शिवाजी महाराजांनी वापरलेली वाघनखे ती हीच, याची खातरजमा करता येत नाही, असे खुद्द लंडनचे संग्रहालय सांगते. बाहेर रांगेत हाच वाद चालला होता. तेवढ्यात पुढे उभ्या असलेल्या एका तरुणाने आपल्या सोबत्याला गेंडामाळाची गोष्ट सांगितली. बैरागी, गर्दी, न निघालेला शब्द, सगळे तंतोतंत. आणि शेवटी तो म्हणाला, “आमचे आजोबा सांगायचे.” अध्यापक गप्प राहिले. आपण रचलेली गोष्ट कोणा तिऱ्हाइताच्या आजोबांचा आधार घेऊन समोर उभी राहावी आणि आपण तिला ओळखही देऊ नये, हा अनुभव त्यांनी घरीही कोणाला सांगितला नव्हता.

सेंट जेम्सच्या उद्यानातून जाताना उजव्या हाताला एक मोठी, इटालियन धाटणीची इमारत झाडांतून दिसते. परराष्ट्र खात्याच्या या वास्तूचा एक भाग म्हणजे पूर्वीचे इंडिया ऑफिस. कंपनीचे राज्य गेल्यानंतर हिंदुस्थानचा कारभार येथून चाले. इमारतीच्या कडेला किंग चार्ल्स स्ट्रीटच्या तोंडाशी क्लाइव्हचा पुतळा आहे. घोळका तिकडे वळला नाही. सहल राजांची होती आणि क्लाइव्ह राजा नव्हता. कंपनीचे मुख्य कार्यालय तर या वाटेपासून दूर, लेडनहॉल स्ट्रीटवर होते. तेथे भागधारकांच्या सभांमधून जोसेफ ह्यूम, जॉर्ज टॉम्सन यांसारख्या मंडळींनी सातारच्या महाराजांची बाजू पुनःपुन्हा मांडली. ती इमारत १८६० नंतर लवकरच पाडली गेली आणि तेथे आता लॉइड्स या विमाबाजाराची पोलाद-काचेची वास्तू उभी आहे. रंगो बापूजींनी ज्या शहरात आयुष्याची तेरा वर्षे वेचली, त्या शहराच्या राजवाड्यांच्या वाटेवर त्यांचे स्थान नाही. यात कोणाचा कट नाही. स्थानपोथी एका पंथाची असते आणि त्या पंथाच्या दैवताची पावलेच ती मोजते.

घोडेस्वारांच्या पहाऱ्याची इमारत ओलांडून घोळका व्हाइटहॉलवर आला. तेथील घड्याळाच्या तबकडीवर दोनच्या आकड्यापाशी एक काळा डाग आहे. बाईंनी तो दाखविला आणि म्हटले, “राजाचा शिरच्छेद दुपारी दोनच्या सुमारास झाला, त्याची ही खूण, असं म्हणतात.” मग समोरचे बँक्वेटिंग हाउस. १६१९ ते १६२२ या काळात इनिगो जोन्सने ते बांधले. १६९८ च्या आगीत व्हाइटहॉलचा अफाट राजवाडा भस्मसात झाला, त्यातून एवढीच वास्तू पूर्णत्वाने वाचली. आतल्या दालनाच्या छतावर रुबेन्सची चित्रे आहेत. पहिल्या जेम्सचे दैवतीकरण हा त्यांचा विषय. राजा हा देवाचा प्रतिनिधी, त्याला मनुष्यांची न्यायसभा जाब विचारू शकत नाही, हे पहिल्या चार्ल्सचे मत होते. बापाच्या त्या दैवतीकरणाची चित्रे त्याने स्वतः करवून घेतली आणि शेवटी त्याच छताखालून चालत, खिडकीतून बाहेर पडून तो वधमंचावर गेला. कोणत्या खिडकीतून, यावर मतभेद आहेत, असे बाई म्हणाल्या. कुऱ्हाड चालविणाऱ्याने तोंडावर बुरखा घेतला होता. तो कोण होता हे आजवर निश्चित झालेले नाही, असेही त्या म्हणाल्या.

आता अध्यापकांना राहवले नाही. पुढच्या थांब्याकडे जाताना त्यांनी बाईंना गाठले आणि विचारले, घड्याळावरच्या डागाला आधार आहे काय? बाईंनी छत्री खांद्यावर टाकली. त्या म्हणाल्या, “म्हणून तर मी ‘म्हणतात’ असं म्हणते. लोकांना तो डाग हवा असतो. मला त्यांचा आनंद घ्यायचा नाही. पण माझ्या तोंडून तो इतिहास होऊ नये.” एवढे बोलून त्या पुढे झाल्या. त्यांच्या लेखी ते अगदी साधे उत्तर होते.

रस्ता ओलांडताना मुलीने विचारले, “बाबा, काय झालं? दमलात का?” अध्यापकांनी मान हलविली. ती होय अशी होती की नाही अशी, हे तिला कळले नाही.

‘म्हणतात’ या शब्दाचा विचार कथनमीमांसेत निवेदकाच्या विश्वासार्हतेच्या अंगाने होतो. परंतु मराठी परंपरेत त्याला आणखी एक घरगुती संदर्भ आहे. म्हाइंभटांनी जमविलेल्या लीळांची मूळ पोथी नष्ट झाल्यावर त्या स्मरणातून पुन्हा लिहिल्या गेल्या. तेव्हा एखाद्या लीळेविषयी आठवणींत फरक पडला तर महानुभाव लेखकांनी एक पाठ खरा ठरवून दुसरा पुसून टाकला नाही. हा फरक कोणाच्या स्मृतीनुसार आहे, हे नाव घालून नोंदवून ठेवण्याची पद्धत त्यांनी पाडली. श्रद्धेचा परमोच्च विषय असलेल्या व्यक्तीविषयी लिहितानाही त्यांना हे अवधान सुटले नाही. किंबहुना विषय श्रद्धेचा होता म्हणूनच ते सुटले नाही, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल. पुढे बखरकारांनी ही शिस्त सैल केली. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध करताना राजवाड्यांनी बखरींच्या विश्वसनीयतेवर जो प्रहार केला, त्याचे मर्म हेच होते. बखरीत ‘म्हणतात’ आणि ‘होते’ यांच्यामधली भिंत पडलेली असते.

अर्थात बखरीचा कैवार घेऊनही येथे काही बोलता येईल आणि अध्यापकांनी वेस्टमिन्स्टरपर्यंतच्या वाटेत तो मनोमन घेऊन पाहिला. पहिल्या चार्ल्सच्या मृत्यूविषयी कागदांचा तोटा नाही. खटल्याचे कामकाज आहे, साक्षी आहेत, पत्रे आहेत, चित्रे आहेत. दोन सदरे आणि काळा डाग ही तेथे कथेची आभूषणे होत. ती काढली तरी अंग उघडे पडत नाही. रंगो बापूजींचे तसे नाही. १८५७ नंतर त्यांच्याविषयी कागद मुके होतात. जे कागद आहेत त्यांतले बहुतेक त्यांना पकडू पाहणाऱ्यांचे आहेत आणि त्यांतलाही मोठा भाग इंडिया ऑफिसच्या दप्तरासह याच शहरातील ब्रिटिश लायब्ररीत आहे. हरलेल्याचा शेवट त्याच्या शत्रूच्या दप्तरात शोधावा लागतो आणि तेथेही तो मिळत नाही. अशा वेळी कल्पनेने तेथे एक म्हातारा उभा केला तर बिघडले काय? ज्याला दप्तर नाही त्याने दंतकथाही बाळगू नये काय?

या युक्तिवादात तथ्य आहे. अलीकडच्या वसाहतोत्तर समीक्षेने दप्तरांतील मौनाचे जे वाचन केले आहे, ते याच जाणिवेतून. तथापि अध्यापकांना तो आपल्या बचावासाठी वापरता येईना. याचे कारण त्यांना वाटेच्या शेवटच्या स्थानावर मिळाले.

संसदेच्या आवारात वेस्टमिन्स्टर हॉलबाहेर क्रॉमवेलचा पुतळा आहे, १८९९ चा. रस्त्यापलीकडे सेंट मार्गारेट चर्चच्या भिंतीत पहिल्या चार्ल्सचे मस्तक बसविलेले आहे. ती दोघे एकमेकांसमोर आहेत, असे बाईंनी दाखविले आणि घोळक्याने दोन्हीकडे माना वळविल्या. या सभागृहाची उभारणी १०९७ मध्ये सुरू झाली. जानेवारी १६४९ मध्ये राजावरचा खटला त्यातच चालला. कोणत्या अधिकाराने मला येथे आणले, एवढाच प्रश्न चार्ल्स विचारीत राहिला आणि आरोपाला उत्तर देण्यास त्याने नकार दिला. त्या न्यायसभेच्या वैधतेविषयी काहीही म्हटले तरी खटला उघड्यावर झाला. आरोप त्याच्या तोंडावर वाचला गेला. त्याचा नकारही नोंदला गेला. पुढे १७८८ ते १७९५ पर्यंत याच सभागृहात वॉरन हेस्टिंग्जवरील खटला चालला. काशीचा राजा चेतसिंह याच्याशी हेस्टिंग्जने केलेली वर्तणूक हा त्यातील एक प्रमुख आरोप होता. हेस्टिंग्ज निर्दोष सुटला, पण त्याला सात वर्षे बोलता आले.

प्रतापसिंहांना बोलता आले नाही. साताऱ्यात १८३६ मध्ये त्यांच्याविरुद्ध जी चौकशी बसली ती गुप्त होती. आपल्याविरुद्धच्या पुराव्याच्या नकला मिळाव्यात आणि आपले म्हणणे ऐकून घ्यावे, ही त्यांची मागणी होती. रंगो बापूजी तेरा वर्षे या शहराच्या दारोदार जे मागत होते ते राज्य परत द्या याआधी हे होते : आरोप दाखवा, पुरावा दाखवा, मग न्याय करा. त्यांच्या साऱ्या झगड्याचे सार ‘आधार काय?’ या दोन शब्दांत सांगता येईल. ज्या माणसाने निराधार कथनाविरुद्ध आयुष्य झिजविले, त्याच्याच शेवटी आपण एक निराधार कथन चिकटवले, हे अध्यापकांना क्रॉमवेलच्या पुतळ्याकडे पाहताना उमगले. महाराजांविरुद्धही कोणी तरी ‘म्हणतात’ गाळूनच लिहिले होते.

हा निष्कर्ष दंतकथेच्या विरुद्ध जातो असे समजण्याचे कारण नाही. दंतकथेचे बळ तिच्या खरेपणात नसून तिच्या सामुदायिक मालकीत असते. अनेकांच्या तोंडून फिरत, घासत, बदलत ती सर्वांची होते. गेंडामाळावरचा म्हातारा मात्र तसा जन्मला नव्हता. व्यासपीठावरच्या एका माणसाने आपला अधिकार वापरून, ऐकणाऱ्यांचे डोळे ओले व्हावेत म्हणून, तो घडविला होता. विद्यार्थ्यांनी तो स्वीकारला तो परंपरेवरच्या विश्वासाने नव्हे, सरांवरच्या विश्वासाने. दप्तरातील मौन भरून काढणे आणि ते मौन ऐकूच येऊ न देणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘पुन्हा कोणाला सापडले नाहीत’ या कोरड्या वाक्यात पकडणाऱ्यांचा पराभव होता. म्हाताऱ्याला गर्दीत उभे करून अध्यापकांनी त्यांना अखेरीस शोधून काढले होते. सरकारला जे जमले नाही ते त्यांनी मुलांच्या अश्रूंसाठी केले.

सहल ॲबीच्या दारापाशी संपली. बाईंनी छत्री उघडून दाखविली, कारण पाऊस सुरू झाला होता. आभार मानताना अध्यापकांनी त्यांचा हात थोडा अधिक वेळ हातात धरला. त्यांना काही सांगायचे असावे, असे मुलीला वाटले. पण त्यांनी काही सांगितले नाही.

त्या रात्री त्यांनी साताऱ्याला पत्र लिहिले. स्मरणिकेत लेख लिहिणारी ती विद्यार्थिनी आता त्याच महाविद्यालयात शिकविते आणि फेरीही तीच काढते. पत्रात त्यांनी म्हातारा कोणत्या वर्षी, कोणत्या उन्हात, कशासाठी निर्माण झाला ते लिहिले. स्मरणिकेतले वाक्य आपण पाहूनही सोडले हेही लिहिले. संग्रहालयाबाहेरच्या रांगेतला तरुणही त्यांनी वगळला नाही.

आठ दिवसांनी उत्तर आले. तिने रागाचा शब्द लिहिला नव्हता. तिने विचारले होते, “सर, मुलं नेमकी त्याच ठिकाणी गप्प होतात. ते वाक्य मी काढून टाकू का? आणि काढलं तरी गावात ते राहीलच, त्याचं काय करायचं?”

अध्यापकांनी दोन दिवस विचार केला. मग त्यांनी लिहिले की, काढू नकोस. काढलेस तर ते आपल्या हातून सुटेल आणि आजोबांच्या नावावर कायमचे जमा होईल. आधी माळावर कागदांत जे आहे ते सांग आणि ‘पुन्हा कोणाला सापडले नाहीत’ येथे थांब. मुले तेथेही गप्प होतात का ते पाहा. त्यानंतर हवे तर म्हातारा सांग. पण महानुभावांनी पाठभेद सांगावा तसा सांग. हे अमक्या अध्यापकाचे म्हणणे, अमुक साली केलेले, याला आधार नाही, असे म्हण. माझे नाव घालण्यास संकोच करू नकोस.

पत्र पेटीत टाकण्यापूर्वी त्यांनी शेवटचे वाक्य पुन्हा वाचले आणि आधी राहून गेलेले आपले संपूर्ण नाव व फेरीचे पहिले साल तेथे लिहिले.